डस्टर-टेरानोच्या डिझेलसाठी टायमिंग बेल्ट किट: वॉटर पंपासकटचंच घ्या

रेनॉ डस्टर, निसान टेरानो, सनी, महिंद्रा व्हेरिटो. बॅज वेगवेगळे असले तरी यांच्या डिझेलमध्ये इंजिन एकच, रेनॉचं १४६१ सीसीचं के९के. त्यात क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवायला चेन नाही, १२३ दातांचा, २७ मिमी रुंदीचा रबरी टायमिंग बेल्ट आहे. दुकानात तो तीन तऱ्हांनी मिळतो: सुटा बेल्ट, टेन्शनरसह (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि या दोन्हींबरोबर वॉटर पंपासह. पैसे तिसऱ्यावर घालावेत. सुटा बेल्ट तर कुणी फुकट दिला तरी नको.

कारण या इंजिनाचा वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंपाचं बेअरिंग सैल झालं की बेल्ट तिरका पळतो आणि त्याची कड खाल्ली जाते; पंप जाम झाला तर दातच सोलून निघतात. टेन्शनरचंही तेच. झिजलेल्या टेन्शनरवर कोरा बेल्ट म्हणजे तुटक्या अंगठ्याच्या चपलेला नवा तळ. शिवाय पंप नंतर बदलायचा म्हटला तर उजवीकडचं इंजिन माउंटिंग, कव्हर सगळं पुन्हा उतरवावं लागतं, म्हणजे मजुरी दुप्पट.

किटमध्ये एक गोष्ट सहसा येत नाही आणि नेमकी तीच घात करते: बाहेरचा, अल्टरनेटर-एसीचा बेल्ट. तो जुना होऊन उसवला की त्याचे धागे क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले जातात, आणि आतला धडधाकट बेल्ट दात सोडतो किंवा तुटतो. म्हणून तोही, त्याच्या टेन्शनरसह, त्याच वेळी बदलावा. क्रँक पुलीचा बोल्टही नवाच. कॅम आणि क्रँकच्या ऑइल सीलला ओल दिसली तर ती आधी बंद करा. ऑइल किंवा डिझेल लागलेलं रबर फुगतं.

बसवताना क्रँक आणि कॅम दोन्ही लॉकिंग पिनांनी धरायचे. डिझेल पंपाच्या पुलीची खूणही जुळवायची, कारण तोही याच बेल्टवर आहे. व्हाइटनरच्या खुणांवर भागवणारा मेकॅनिक असेल तर गाडी परत आणा. टेन्शनरचा काटा खुणेवर आणून क्रँक हाताने, पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा, पिना पुन्हा बसतात का पाहा आणि काटा तपासा. कुठे अडलं तर जोर लावू नका. बेल्ट दुमडू किंवा पिळू नये; आतली काचेच्या धाग्यांची दोरी बाहेरून न दिसता तुटते.

आणि हे सगळं टाळलं तर? बेल्ट तुटताच कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि वेगात असलेले पिस्टन त्यांच्यावर आदळतात. आठ व्हॉल्व्हपैकी किती वाकले ते हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्यावरच नक्की कळतं. त्यानंतर ‘एकदा स्टार्टर मारून बघू’ हा सल्ला सगळ्यात महागडा, कारण उरलेले व्हॉल्व्हही त्यात जातात. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर एक-दोन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा होईल याची तयारी ठेवा. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप कॅमवरच चालतो, त्यामुळे साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदाच नीट दाबला जातो.

हेडच्या कामात व्हॉल्व्ह, गाइड, हेड गॅस्केट आणि नवे हेड बोल्ट धरा. पिस्टनवर नुसते ओरखडे आहेत की तडा, कनेक्टिंग रॉड सरळ आहे का, हेही बघून घ्या. नवे व्हॉल्व्ह घातले की कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्हवरची वाटी) यांच्यातला गॅप नव्याने बसवावा लागतो: इनटेकला ०.१२५ ते ०.२५ मिमी, एक्झॉस्टला ०.३२५ ते ०.४५ मिमी. इथे स्क्रू नाही. हव्या जाडीचा टॅपेट शोधून घालावा लागतो, आणि अनेक गॅरेजं नेमकी ही पायरी गाळतात.

किट घेताना डब्यावरचा नंबर इंजिन नंबरशी जुळवा. ८५ आणि ११० पीएसच्या गाड्यांसाठी विचारूनच घ्या. बेल्टच्या पाठीवरची छपाई बोटाने पुसली जात असेल तर डबा तिथेच परत द्या. बदलीची मुदत मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्ही दिलेली असते, आधी येईल ती धरायची. कमी चाललेल्या सेकंडहँड डस्टरला हे सगळ्यात जास्त लागू, मीटरवर आकडा छोटा असला तरी रबराचं वय थांबत नाही.