उन्हानं पांढरे पडलेले फोटो: स्नॅपसीड की गिंप?

मे महिन्यातली हळद, भुसावळचं ऊन. आत्याबाईंचा पदर फोटोत पांढराफटक. वहिनी विचारतात, फोटो सुधारायला मोबाइलवरचं स्नॅपसीड ॲप की कॉम्प्युटरवरचं गिंप?

पैसे दोन्हीकडे शून्य. स्नॅपसीडमध्ये हायलाइट्स, म्हणजे उजळ भागांचा स्लायडर, खाली ओढा, झालं. फक्त कपाळाची चमक मारायची तर तेवढ्याच जागेवर चालणारं सिलेक्टिव्ह. गिंप शिकायला चिकाटी हवी, पण लेअर मास्कनं, म्हणजे बाकीचा फोटो झाकून, नेमक्या पदराचाच उजेड कमी करता येतो, क्लोननं शेजारची नक्षीही उचलून तिथे बसवता येते.

जेपेग प्रकारच्या फोटोत लाल, हिरवा, निळा तिन्ही रंग 255 ला, म्हणजे कमाल आकड्याला, टेकले की तिथली जरीची नक्षी गेलीच. स्लायडर कितीही ओढा, राखाडी डागच मिळतो. म्हणजे अशा ठिकाणी क्लोनच, आणि तो गिंपमध्ये.

ग्रुपवर टाकायचे ढीगभर फोटो असतील तर स्नॅपसीड. भिंतीवर लावायचा एकच असेल, तर गिंप.