रोममधलं संत सिसिलियाचं चर्च: गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी तरी चुकवू नका

टूरवाल्याच्या यादीत व्हॅटिकन, कलोसियम आणि त्रेवीचं कारंजं. संगीताची आश्रयदाती मानल्या जाणाऱ्या संत सिसिलियाचं चर्च नव्हतंच. मी आमच्या वसईच्या पॅरिशमध्ये ऑर्गन वाजवते, २२ नोव्हेंबरला तिच्या सणाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आमचाच गायकवृंद गातो. म्हणून दुपारची खरेदी सोडून नदीपलीकडे त्रास्तेवेरेत गेले. माझ्याकडून साडेचार तारे.

अंगणात गुलाब, मधोमध जुना संगमरवरी रांजण. त्यात रमू नका, थेट वेदीपाशी जा. खाली स्तेफानो माडेर्नोने १६०० मध्ये घडवलेली सिसिलियाची मूर्ती आहे. आदल्या वर्षी तिची शवपेटी उघडली तेव्हा देह जसा दिसला तसाच कोरला, ही त्याची ग्वाही समोरच्या फरशीवर आहे. (आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया नागासाकीला क्रुसावर गेले त्याला शवपेटी उघडली तेव्हा दोनच वर्षं झाली होती.) कुशीवर निजलेली पोर, डोक्याला फडकं, मानेवर घावाची खूण. एका हाताची तीन बोटं पुढे, दुसऱ्याचं एक: त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) आणि एकच देव. गुडघे टेकलेत तरच बोटं नीट दिसतात. आपल्या तसबिरींतल्या रक्तसाक्ष्यांचे, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांचे, डोळे आकाशाकडे लागलेले असतात. इथे चेहराच पलीकडे वळवलाय, आणि तेच जिव्हारी लागतं.

कथा अशी की तिला घरच्याच न्हाणीघरात वाफेने गुदमरवायला पाहिलं. ती मरेना, तेव्हा मानेवर तीन घाव घातले, तरी तीन दिवस जगली. हे सगळं पाचव्या शतकात लिहिलेलं, त्यामुळे इतिहासकार हात राखूनच बोलतात. गंमत म्हणजे संगीताचा संबंध एवढाच: लग्नात वाद्यं वाजत असताना ती मनातल्या मनात देवासाठी गात होती. चित्रकारांनी तिच्या हातात ऑर्गन दिला आणि ती आमची आश्रयदाती झाली. माझी काही तक्रार नाही!

वेदीमागचं मोझेइक नवव्या शतकातलं. चर्च बांधणाऱ्या पोप पास्कालच्या खांद्यावर सिसिलियाने मैत्रिणीसारखा हात टाकलाय. तळघरातले रोमन घरांचे अवशेष वेगळ्या तिकिटावर, पाहाच. अर्धा तारा कापला तो मध्ययुगीन चित्रकार कावालीनीच्या 'अंतिम न्याय' भित्तिचित्रासाठी. ते बेनेडिक्टाइन सिस्टरांच्या मठात आहे आणि ठरावीक वेळेतच दाखवतात; मी गेले तेव्हा दार बंद. तुम्ही आधी वेळ विचारूनच निघा.