पेशींचं वय सांगणारं टेस्ट पॅकेज: आईसाठी घेतलं, परत घेणार नाही (५ पैकी २ स्टार)

चवथीच्या आधी आईसाठी हे पॅकेज बुक केलं. फोंड्यात घरी येऊन रक्त नेतात आणि शरीरातल्या पेशी किती म्हाताऱ्या झाल्यात ते सांगतात, वर इम्युनिटी स्कोअर पण देतात, सगळं मिळून ९,८०० रुपये. लॅबचं नाव लिहीत नाही, पण असली पॅकेजं आता बरेच जण विकतायत म्हणून जरा सविस्तर लिहितो. आई ६८ वर्षांची, २०२१ ला ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, कॅन्सर परत येऊ नये म्हणून लेट्रोझोलची गोळी रोज चालू आहे. मला वाटलं आधीच काही कळलं तर बरं.

सॅम्पल उपाशीपोटी हवं होतं, आई पहाटेपासून चहासुद्धा न घेता बसून, आणि साडेसातला येणारा मुलगा आला पावणेअकराला. पण काम एकदम नीट केलं त्याने. ऑपरेशन कुठल्या बाजूचं ते स्वतःहून विचारलं आणि दुसऱ्या हातातून रक्त घेतलं. दोन स्टार दिलेत त्यातला एक त्या मुलाचा.

बारा दिवसांनी व्हॉट्सॅपवर रिपोर्ट आला, २६ पानं, आईला मोबाईलवर वाचता येत नाही म्हणून प्रिंट काढून दिली. दुसऱ्याच पानावर स्कूटरच्या मीटरसारखी गोल चकती, काटा लाल भागात, खाली मोठ्या अक्षरात ‘पेशींचं वय ७४’. आईने चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, “म्हणजे परत येणार काय रे ते?” रात्री पेज तशीच राहिली ताटलीत. रिपोर्ट तिने घडी करून देवघराच्या खणात ठेवला.

हे ७४ आलं कुठून, तर टेलोमिअर मोजून. पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं म्हणजे टेलोमिअर, समईच्या वातीसारखी समजा, पेशी एकाची दोन झाली की दर वेळी ही वात थोडी जळते, आणि फारच आखूड झाली की पेशी विभागणं बंद करते. माणसाच्या पेशी ठराविक वेळाच विभागतात हे हेफ्लिकने १९६१ ला दाखवलं, टेलोमिअरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं, ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक. तर शास्त्र खरंच आहे, त्यात खोट नाही. पण लॅबवाले मोजतात रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं टेलोमिअर, ते एकाच वयाच्या दोन माणसांत खूप वेगळं असू शकतं, आणि त्यावरून एका बाईचा कॅन्सर परत येणार की नाही हे सांगता येत नाही. हे २६ पानांत कुठेच लिहिलेलं नाही.

खरा राग आला तो पुढच्या फोनचा. त्यांची काउन्सेलर म्हणते, टेलोमिअर वाढवणाऱ्या कॅप्सूल आहेत, ३ महिन्यांचा कोर्स ८,४०० रुपये. आईने घाबरून मला न विचारता पैसे भरले पण. बाटली घेऊन फोंड्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, अरे, वात पुढे सरकवत राहायची हेच तर कॅन्सरची पेशी करते. टेलोमेरेज नावाचं एन्झाइम चालू करून ती स्वतःची टोकं लांब ठेवते, ८५ ते ९० टक्के कॅन्सरमध्ये हेच सापडतं. म्हातारी पेशी थांबते हा शरीराने लावलेला ब्रेक आहे, आणि कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला तो ब्रेक सोडवायचं औषध फोनवर विकतात!

मग इम्युनिटी स्कोअरचं विचारलं. त्यांनी सांगितलं ते मला आधी कोणीच असं सांगितलं नव्हतं. थांबलेल्या पेशी सगळ्याच मरत नाहीत, काही तशाच बसून राहतात आणि सूज वाढवणारी रसायनं सोडत राहतात, त्याने आजूबाजूच्या पेशी बिघडायला मदत होते. त्यांना उचलून साफ करायचं काम इम्यून सिस्टिमचं. पण छातीतली थायमस ग्रंथी, जिथे रोगाशी लढणाऱ्या टी पेशी तयार होतात, ती वयात आल्यापासूनच आकसायला लागते, म्हणजे म्हातारपणी कचरा जास्त आणि झाडणारे हात कमी. बहुतेक कॅन्सर उतारवयात का होतात त्याचं हेही एक कारण. आता ही ताकद पावडर खाऊन वाढत नाही. टी पेशींवरचा ब्रेक काढणारी औषधं खरोखर आहेत, ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल त्या शोधासाठीच, पण ती सलाईनमधून हॉस्पिटलात देतात आणि त्यात कधीकधी स्वतःच्याच थायरॉइडवर, आतड्यांवर, फुप्फुसांवर हल्ला होतो. “इम्युनिटी नुसती वाढवायची नसते रे, नेमकी हवी तिथे लागते,” असं म्हणाले.

शेवटी त्यांनी विचारलं, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, कधी केली? वर्षाची मॅमोग्राफी जूनमध्ये व्हायला हवी होती, राहून गेली होती. ९,८०० च्या पॅकेजमध्ये, फॉर्मवर, फोनवर, एकदाही कोणी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि आईसाठी सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता. दुसऱ्याच आठवड्यात बांबोळीला जाऊन करून आलो, रिपोर्ट चांगला आला.

दुसरा स्टार व्हिटॅमिन डीसाठी, ते १४ निघालं, त्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण तेवढी टेस्ट कुठल्याही लॅबमध्ये वेगळी होते. ज्यांच्या घरात कॅन्सरचा पेशंट आहे त्यांनी तर असल्या कॅप्सूल आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अजिबात देऊ नका.

चार फोन केल्यावर बाटली परत नेली आणि ८,४०० मिळाले, टेस्टचे पैसे नाही दिले. परवा आईने खणातून रिपोर्ट काढला आणि फाडू काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, व्हिटॅमिन डीचं पान तेवढं ठेव.