ब्रिटिशकालीन नोटांसाठी पॉलिएस्टर स्लीव्ह, अल्बम आणि कोरडा डबा : एका पावसाळ्यासह अकरा महिन्यांचा अनुभव

ब्रिटिश हिंदुस्थानच्या नोटा, तिथल्याच नोटांवर ओव्हरप्रिंट करून, म्हणजे तयार नोटेवर वरून जादा अक्षरं छापून, ब्रह्मदेशात चालवलेल्या नोटा आणि फाळणीनंतर पाकिस्तानसाठी नाशिक रोडला छापलेल्या नोटा, असा संग्रह मुंबईच्या हवेत अकरा महिने ज्या साहित्यात ठेवला, त्याचा हा अनुभव. वापरलेलं साहित्य असं : पॉलिएस्टरचे म्हणजे मायलार जातीचे सुटे स्लीव्ह, पॉलिप्रोपिलीनच्या पानांचा डी-रिंग अल्बम, दहा लिटरचा रबरपट्टीचा डबा, नारिंगी सिलिका जेल, डिजिटल आर्द्रतामापक, १० पट भिंग आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च. मत आधीच सांगून टाकतो. पैसे स्लीव्हवर खर्च करा, बाकीचं साधं चालतं. अल्बम मात्र डोळे झाकून घेऊ नका.

आधी कागदाविषयी, कारण सगळं त्यावर ठरतं. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारकडे आला. त्यानंतरच्या व्हिक्टोरियाच्या चित्राच्या नोटा इंग्लंडमधल्या लेव्हरस्टोक गिरणीच्या हातकागदावर छापल्या गेल्या. बनावट नोटांचा सुळसुळाट झाल्यावर त्या मागे घेऊन १८६७ पासून एका बाजूनेच छापलेली, ‘अंडरप्रिंट’ नावाची मालिका आली. हा चिंध्यांच्या लगद्याचा कागद आहे आणि आजच्या वर्तमानपत्री कागदासारखा तो आपोआप पिवळा पडून तुटत नाही. तो बिघडतो माणसाने लावलेल्या गोष्टींमुळे : सेलोटेप, लॅमिनेशन, पीव्हीसीची पाकिटं, ओल, डिंक आणि धुलाई. म्हणून या नोटांसाठी नवं काही करण्यापेक्षा काय करायचं नाही, हे ठरवणं जास्त महत्त्वाचं.

स्लीव्ह तीन जाडीचे वापरून पाहिले : ५०, ७५ आणि १०० मायक्रॉन. ५० चा स्लीव्ह एक रुपयासारख्या लहान नोटेला पुरतो, पण मोठी नोट त्यात धरली की मधे वाकते. १०० चा ताठ असतो आणि हाताळायला उत्तम, पण अल्बमच्या खिशात घातला की पान फुगतं आणि पंधरा-वीस पानांत अल्बम बंद होईनासा होतो. रोजच्या वापराला ७५ योग्य. १०० फक्त अशा नोटांना, ज्यांची घडी फाटत आली आहे आणि ज्यांना आधार हवा आहे. माप घेताना नोटेपेक्षा स्लीव्ह लांबी-रुंदीत प्रत्येकी ६ ते ८ मिलिमीटर मोठा असावा. घट्ट स्लीव्हमध्ये कोपरे दुमडतात आणि फार सैल असला तर नोट आत फिरून कडा घासते.

स्लीव्ह किती बाजूंनी बंद आहे हेही पाहा. तीन बाजू बंद असलेल्या स्लीव्हमध्ये नोट ढकलावी लागते आणि स्थिर विजेमुळे ती अर्ध्या वाटेत चिकटून बसते. लांब बाजू आणि एक आखूड बाजू एवढंच सील असलेला, पुस्तकासारखा उघडणारा स्लीव्ह निवडा. त्यात नोट ठेवायची असते, सरकवायची नसते. १९१७ च्या एक रुपयाच्या नोटेसाठी हे फार महत्त्वाचं आहे. ३० नोव्हेंबर १९१७ ला आलेली ही नोट २५ नोटांच्या पुस्तिकेतूनही मिळायची आणि अशा नोटेच्या डाव्या कडेला छिद्रांच्या रेषेचे दाते असतात. दात्यांच्या बाजूने सरकवली की दाते दुमडतात. ती उजवी कड पुढे करून ठेवा आणि दाते सरळ दिसावेत म्हणून कात्री लावण्याचा विचारसुद्धा करू नका. ही नोट आणि जानेवारी १९१८ मधली दोन रुपये आठ आण्यांची नोट दोन्ही १ जानेवारी १९२६ ला बंद झाल्या. दोन रुपये आठ आण्यांची नोट हाती आली, तर तिचा स्लीव्ह सगळ्यात आधी तपासा.

कसा तपासायचा? बाजारात ‘मायलार’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच पॉलिप्रोपिलीन असतं, काही पीव्हीसीही निघतं. स्लीव्हचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका आणि काडीने बुडवून सोडा. वर तरंगला तर पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीन, दोन्ही सुरक्षित. बुडाला तर पॉलिएस्टर किंवा पीव्हीसी, आणि इथेच लोक फसतात, कारण दोघंही पाण्यापेक्षा जड. त्यांच्यातला फरक तांब्याच्या तारेने कळतो. तार गॅसच्या ज्योतीत लाल करा, हिरवी झाक उरली नाही याची खात्री करा, तापलेलं टोक तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. धूर विषारी असतो, म्हणून तुकडा अगदी लहान घ्या, खिडकीशी करा आणि नोटा दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसत्या हातालाही अंदाज येतो : पॉलिएस्टर कडकड वाजतं आणि ताणलं तरी लांबत नाही, तर पीव्हीसी मऊ, किंचित चिकट आणि नव्या चपलेसारख्या वासाचं असतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य काही वर्षांत पाझरून नोटेवर तेलकट थर बसवतं आणि शाई पाकिटाला चिकटते. तो थर घरी निघत नाही.

अल्बमची पानं चांगली निघाली, आवरण नाही. पानं पॉलिप्रोपिलीनची होती, तरंगण्याच्या चाचणीत पास. पण कव्हर रेक्झिनचं, म्हणजे पीव्हीसीचं, आणि आतल्या काळ्या कार्डांचा रंग पावसाळ्यात सुटू लागला. ओल्या पांढऱ्या रुमालाने कार्ड पुसून बघा, रुमाल काळा झाला तर ती कार्डं काढून टाका. त्यांच्या जागी आम्लरहित पांढरं कार्ड घातलं. काळ्यावर नोट उठून दिसते खरी, पण पांढऱ्यावर वॉटरमार्क आणि दुरुस्त्या जास्त कळतात. आवरणाच्या बाबतीत तोडगा असा की नोट आधी सुट्या स्लीव्हमध्ये आणि मग स्लीव्हसकट खिशात. नोटेला थेट अल्बमचा स्पर्श नको. रिंग डी आकाराच्याच घ्या. गोल रिंगवर पानं वळतात आणि कण्याजवळच्या नोटा कायम वाकलेल्या राहतात. पंचवीस पानांच्या वर भरू नका, अल्बम आडवा रचू नका.

आता पावसाळा. जुलैत मुंबईतल्या खोलीत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि ६५ च्या वर बुरशीला वाव मिळतो. नोटांसाठी ४० ते ५० बरी. आर्द्रतामापक विकत आणला की त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी मिठाची चाचणी करा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखल होईल एवढंच पाणी घाला आणि मापकासकट झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७० दिसलं तर त्या मापकाच्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे. एवढी चाचणी न करता लोक सिलिका टाकत बसतात आणि चुकीच्या आकड्यावर विसंबतात.

दहा लिटरच्या डब्यात २०० ग्रॅम सिलिका, कापडी पुरचुंडीत, अल्बमला न टेकता ठेवलं. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतात. जूनअखेरपासून दर तीन आठवड्यांनी तापवावे लागले, ऑक्टोबरनंतर जवळजवळ नाही. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. अति सिलिकाही वाईट : आर्द्रता ३० च्या खाली गेली की कागद ताठ होतो आणि जुन्या घड्यांवर चिरतो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी एप्रिल-मे मध्ये डब्यातून सिलिका काढून ठेवावं. तिथल्या उन्हाळ्यात हवाच पुरेशी कोरडी असते. डांबराच्या गोळ्या डब्यात अजिबात नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि शाईवर बसते. कडुनिंबाचा पाला चुरा सांडतो आणि तो खायला किडे येतात. कसर रोखायला बंद डबा आणि महिन्यातून एकदा उघडून बघणं एवढं पुरतं.

यूव्ही टॉर्चने सगळ्यांत जास्त काम दिलं. ३९५ चा स्वस्त टॉर्च जांभळा उजेड इतका फेकतो की कागदाची चमक त्यात बुडते, म्हणून काळी फिल्टरकाच असलेला ३६५ चाच घ्या. जुन्या कागदात चमक आणणारं रसायन नसतं, त्यामुळे पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जची अस्सल नोट अंधाऱ्या खोलीत मळकट, निस्तेज दिसते. सगळी नोट निळसर पांढरी चमकली तर ती साबणाच्या पावडरीत धुतलेली आहे किंवा कागदच नवा आहे. फक्त कोपरा चमकला तर तिथे नवा कागद जोडलाय. टॉर्च नोटेवर काही सेकंदच धरा आणि डोळ्यांना चष्मा लावा.

धुतलेली आणि इस्त्री केलेली नोट साध्या नजरेला ‘करकरीत’ भासते. तिरप्या उजेडात बघा. घडीची रेष दबलेली असली तरी शाईतला तडा तसाच राहतो आणि छपाईचा मूळ उठाव सपाट झालेला असतो. मूळ घडी आणि मळ असलेली नोट धुतलेल्या नोटेपेक्षा कधीही बरी. ग्रेडिंग कंपन्याही, म्हणजे नोट तपासून तिला दर्जा देणाऱ्या कंपन्या, धुतलेल्या नोटेला ‘मूळ कागद’ असा शेरा देत नाहीत. पिनांची भोकं मात्र दोष मानू नका. नोटांची बंडलं पिन किंवा स्टेपल मारूनच निघायची, त्यामुळे न वापरलेल्या नोटेलाही दोन भोकं असतात. भोकं बुजवलेली दिसली तर तो खरा दोष.

एकेरी छपाईच्या मोठ्या नोटांना आणखी एक सवय लागली होती : टपालाने पाठवताना त्या मधून कापून दोन अर्धे वेगवेगळ्या पाकिटांतून जायचे आणि पोहोचल्यावर जोडले जायचे. अशा नोटेच्या मागे जुन्या कागदाची पट्टी आणि खळ असते. ती काढायची नाही, तो नोटेच्या प्रवासाचा भाग आहे. दोन्ही अर्ध्यांवरचा क्रमांक एकच आहे ना, हे पाहा. तो वेगळा असला तर दोन नोटांची एक केलेली आहे. मागच्या बाजूच्या सह्या बहुधा लोहयुक्त काळ्या शाईच्या असतात. ती शाई ओलीने पसरते आणि कागद खाते, म्हणून अशी नोट कोरड्या डब्यात सर्वात आधी जायला हवी.

भिंगाचा खरा उपयोग ओव्हरप्रिंटवर. १९४५ मध्ये ब्रह्मदेशच्या लष्करी प्रशासनासाठी भारतीय नोटांवर अक्षरं छापली गेली आणि साधी नोट घेऊन ती अक्षरं घरी उमटवणारे आहेत. कारण ओव्हरप्रिंट असलेली नोट महाग. १० पट भिंगातून अक्षर जिथे घडीवरून जातं तिथे पाहा. अस्सल नोटेत आधी अक्षर, मग घडी, म्हणून घडीच्या तड्यात अक्षराचीही शाई तुटलेली दिसते. नकलीत शाई घडीच्या उघड्या तंतूंमध्ये शिरलेली दिसते. पाकिस्तानच्या १९४८ च्या नोटांवरचा मजकूर नाशिकच्या छापखान्यातच छापलेला आहे. तो रबरी शिक्क्यासारखा कडेने जाड दिसला तर नोट परत करा.

सहाव्या जॉर्जच्या नोटांमध्ये वॉटरमार्क बघायचा असतो, आणि त्यासाठी पारदर्शक स्लीव्ह उजेडासमोर धरला की नोट बाहेर काढावी लागत नाही. आधी राजाचा चेहरा एका बाजूने होता. जपान्यांनी उत्तम बनावट नोटा काढल्यावर तो समोरून दिसणारा केला आणि सुरक्षा धागा पहिल्यांदा घातला. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सर जे. बी. टेलर यांची सही असेल तर बाजूचा चेहरा. त्यांच्यानंतरचे गव्हर्नर सी. डी. देशमुख यांची सही दोन्ही प्रकारांवर आहे, म्हणून तिथे नुसत्या सहीवरून प्रकार ठरवता येत नाही. १२ जानेवारी १९४६ च्या वटहुकमाने ५००, १००० आणि १०,००० च्या नोटा रद्द झाल्या. स्वस्तात मिळणाऱ्या हजारीवर यूव्ही, भिंग आणि वॉटरमार्क तिन्ही केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

परदेशातल्या मराठी संग्राहकांसाठी एक गोष्ट : शंभर वर्षांहून जुन्या वस्तू भारतातून खासगीरीत्या बाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. सुट्टीत येऊन बॅगेत घालून नेण्याची ही वस्तू नाही.

अकरा महिन्यांनंतर : स्लीव्हपैकी एकही पिवळा पडला नाही, दोन-तीन ५० मायक्रॉनचे सील कडेला सुटले. स्लीव्हवर धूळ चिकटते, ती कोरड्या मायक्रोफायबरने पुसायची आणि पुसताना नोट आत नको. डब्याच्या कोपऱ्यातली रबरपट्टी एका बाजूने दबली, तेव्हा आर्द्रता ५८ पर्यंत चढली. पट्टी फिरवून बसवल्यावर परत ४६ वर आली. पुढच्या खेपेला अल्बम घ्यायचाच नाही, त्याऐवजी आम्लरहित कार्डाच्या उभ्या पेटीत ७५ मायक्रॉनचे स्लीव्ह एकामागे एक लावायचे, असं ठरलंय.