ग्वाल्हेरच्या एनओसीची 'सेटिंग' करून देणाऱ्यांपासून सावध

अंबरनाथच्या आमच्या युनिटमध्ये डाय इंटरमीडिएटसाठी, म्हणजे कापडाचे वगैरे रंग ज्यापासून बनतात त्या रसायनांसाठी, ॲसेटिक अनहायड्राइड लागतं. हेरॉइन बनवणाऱ्यांनाही तेच लागतं, म्हणून २०१३ च्या नियंत्रित पदार्थ आदेशात ते पहिल्याच अनुसूचीत आहे. एनसीबीचा (केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा) नोंदणी क्रमांक आमच्याकडे होता. मालकांना या वेळी माल परदेशातून आणायचा होता आणि त्यासाठी ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स कमिशनरची एनओसी हवी. तीही दर खेपेला वेगळी.

ओळखीतून एक कन्सल्टंट भेटला. वाशीत चकाचक ऑफिस, भिंतीवर अधिकाऱ्यांबरोबरचे फोटो. "साहेब, आपली सेटिंग आहे. तुम्ही फक्त केमिकल सांगा." निम्मे पैसे त्याच्या कंपनीच्या खात्यावर, निम्मे त्याच्या बायकोच्या. पर्चेस मी बघतो, मी कुरकुर केली. पण मालकांना घाई होती.

पीडीएफ आली. अशोकस्तंभ, गोल शिक्का, जावक क्रमांक, सगळं झकास. पत्ता मात्र नवी दिल्लीचा, आणि खाली ओळ: 'एक वर्षासाठी वैध, कितीही खेपा'. विचारलं तर म्हणाला, नवीन सिस्टिम आहे.

मग परदेशातल्या पुरवठादाराचा मेल आला की माल चढवता येत नाही, तुमच्याच सरकारची हरकत आहे. सीएचएनं, म्हणजे आमच्या कस्टम्स एजंटनं, समजावलं तेव्हा उलगडा झाला. असं रसायन निघण्याआधी निर्यात करणारा देश आपल्या देशाला संयुक्त राष्ट्रांच्या ऑनलाइन यंत्रणेतून कळवतो, आणि ते कळवणं पोचतं ग्वाल्हेरलाच. जिथून एनओसी निघालीच नाही, तिथेच ती तपासली जाणार. सेटिंगवाल्याला हे ठाऊक नसेल? असणारच. तोवर त्याचे पैसे वसूल झालेले.

पैसे गेले ते गेलेच, पण खोट्या कागदावर नाव आमच्या कंपनीचं. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात अशा रसायनांचे आदेश मोडल्यास कलम २५अ मध्ये दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मालकांनी वकील गाठून स्वतःहून एनसीबीला आणि पोलिसांना लेखी कळवलं, हे बरं केलं.

तक्रारीसाठी त्याचं बिल काढलं. पत्ता वाशीचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात २४ नं, म्हणजे गुजरात. महाराष्ट्राचा कोड २७. जीएसटी पोर्टलवर टाकला तर तो सुरतेच्या एका कापड दुकानाचा निघाला. खरं तर एनओसीचा अर्ज ऑनलाइन, आपल्याच लॉगिननं भरता येतो. पुढची एनओसी आम्ही तशीच मागितली आहे.