नोंद, पाठवणी आणि नकाशा: सीमाभागातल्या संस्थेनं कुठलं साधन घ्यावं?

मदत मागायला माणूस संस्थेच्या दारात आला, त्याची नोंद झाली, पुढं कुणाकडं पाठवायचं ते ठरलं. यात नकाशा मदत करतो तो शेवटच्या पायरीला. तरी पुष्कळ संस्था आधी नकाशा निवडतात आणि नोंदवहीचा विचार मागाहून करतात.

गूगल माय मॅप्स फुकट आहे आणि अर्ध्या दिवसात शिकता येतं. एका नकाशात 10 थर (लेअर), एका वेळी आयात 2,000 ओळींची. दवाखाने, नाडकचेऱ्या (कर्नाटकातली स्थानिक महसूल कार्यालयं), वसतिगृहं यांची यादी दाखवायला ते पुरेसं आहे. माणसांची नोंद मात्र त्यात नको. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला नाव आणि फोन दोन्ही दिसतात. शिवाय कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली की काम थांबलं.

कोबो टूलबॉक्स हे मोबाईलवर फॉर्म भरून माहिती गोळा करायचं साधन. त्याचं ॲप रेंजविना चालतं आणि एकच फॉर्म मराठी-कन्नड दोन्हीत ठेवता येतो. जीपीएस घेताना अंगणात यायचं, अचूकता 10-15 मीटरवर आली की बिंदू घ्यायचा; पत्र्याखाली तो भरकटतो. उणीव पाठपुराव्यात आहे. ‘पाठवलं, पोचला, सेवा मिळाली’ हे बदल नोंदवायला दुसरा फॉर्म लागतो आणि दोन्ही फॉर्म जोडणारा केस क्रमांक पहिल्याच दिवशी ठरवावा लागतो.

क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर. फुकट, ताकद सगळ्यांत जास्त, पण शिकलेला एक माणूस कार्यालयात हवाच. चुका ठरलेल्या. बेळगाव साधारण अक्षांश 15.85, रेखांश 74.50. हे दोन रकाने उलटे पडले तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो. आयात करताना एक्सच्या रकान्यात रेखांश, वायच्या रकान्यात अक्षांश. ज्या थराचं मोजमाप अंशात आहे त्यावर 5 किलोमीटरचं वर्तुळ काढायला नुसतं 5 लिहिलं तर ते 5 अंश होतात, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर. आधी थर ईपीएसजी 32643 मध्ये (मीटरमध्ये मोजणाऱ्या, या भागाच्या नकाशा-पद्धतीत) न्या, मग 5000 मीटर लिहा. एक्सेलची फाईल ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ म्हणूनच जतन करा, नाहीतर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. गावं नावानं जोडू नका. बेळगाव, बेळगावी, बेलगाम हे एकच ठिकाण तीन वेळा येतं. जनगणना 2011 चा सहा अंकी गाव-कोड वापरा.

इथली खरी गोम तिन्ही साधनांना सारखीच नडते. सरळ रेषेत जवळचं केंद्र म्हणजे उपयोगी केंद्र नव्हे. पावसाळ्यात चिकोडीकडं कल्लोळ-यडूर पूल पाण्याखाली जातो, तेव्हा नकाशावरचे चार किलोमीटर कागदावरच राहतात. उचगाव कर्नाटकात, शिनोळी चंदगड तालुक्यात, मधे काही किलोमीटरच. पण उचगावच्या आजीबाईंची संध्या सुरक्षा (कर्नाटकची वृद्धांसाठीची योजना) पेन्शन नाडकचेरीतून, तर शिनोळीच्या निराधाराचा संजय गांधी योजनेचा अर्ज चंदगड तहसीलला. म्हणून नोंदीतच ‘रेशनकार्ड कुठल्या राज्याचं’ हा रकाना सक्तीचा करा आणि सेवा-यादीत प्रत्येक केंद्रापुढं ‘कुणाला चालतं’ आणि ‘पावसात रस्ता’ हे दोन.

आमचा कौल: नोंद कोबोत, विश्लेषण क्यूजीआयएसमध्ये, माय मॅप्स फक्त सेवा-यादीपुरतं. वर्षाला पन्नासेक नोंदी असतील तर क्यूजीआयएसही सोडा, एक नीट शीट पुरते. हिंसाचार किंवा एचआयव्हीच्या प्रकरणात घराचा बिंदू घेऊच नका, गावाचा मध्यबिंदू टाका. छोट्या वस्तीत तोही घर सांगून जातो, तिथं तालुक्यावर थांबा.