जबडा रुंद दिसतोय: बोटॉक्स, नाइट गार्ड की ऑपरेशन?

आधी एक करा, दात घट्ट आवळा आणि कानाच्या खाली जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवा. टणक गोळा टरारून वर आला तर तो मॅसेटर, म्हणजे चावायचा स्नायू. फारसं काही वर येत नसेल तर चेहरा हाडामुळे चौकोनी असू शकतो आणि मग बोटॉक्सचे, म्हणजे स्नायू काही काळ ढिला करणाऱ्या इंजेक्शनचे, पैसे वायाच. एकाच बाजूला फुगलं असेल तर आधी नीट तपासणी, लाळग्रंथी पण तिथेच असते.

बोटॉक्समध्ये डॉक्टर तुम्हाला दात आवळायला लावतात, स्नायूची कड पेन्सिलने आखतात आणि कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेषेच्या खाली तीन-चार ठिकाणी बारीक सुई टोचतात, एका बाजूला साधारण 20 ते 30 युनिट. लगेच काही दिसत नाही. आठ-दहा दिवसांत चावायची ताकद कमी वाटते, भाकरी किंवा चिक्की खाताना जबडा दमतो, चेहरा बारीक दिसायला महिना-दीड महिना तरी जातो, आणि सहा महिन्यांच्या आसपास परत घ्यायची वेळ येते. इंजेक्शन चुकीच्या जागी गेलं तर हसू वाकडं होतं, काहींना चावताना मध्येच फुगवटा येतो, वय जास्त असेल तर गाल सैल पडू शकतात. वारंवार घेतल्यावर जबड्याच्या हाडाची घनता कमी होते का यावर अभ्यासांचं अजून एकमत नाही, आणि मला वाटतं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोललंच पाहिजे.

नाइट गार्डने, म्हणजे झोपताना दातांवर घालायच्या कवचाने, स्नायू लहान होईल या आशेवर राहू नका, त्याचं काम दात वाचवायचं. पण झोपेत दात खात असाल, सकाळी जबडा आखडत असेल, दात झिजले असतील तर माझ्या मते पहिला खर्च यावरच, कारण बोटॉक्सने जोर कमी होतो पण दात खायची सवय जात नाही. डेंटिस्टकडे माप देऊन कडक गार्ड बनवून घ्या, मऊ गार्ड काही लोक रात्रभर चघळतच बसतात. आणि दिवसभर सुपारी, गुटखा किंवा च्युइंगम चालू असेल तर ते सोडल्याशिवाय कशालाच अर्थ नाही, स्नायूला रोज व्यायाम मिळतोय ना!

ऑपरेशन फक्त हाडच रुंद असेल तर. दक्षिण कोरियात जबड्याचा कोपरा कापून कमी करतात, पण भूल, सूज, ओठाची संवेदना जायचा धोका आणि मागे फिरायची सोय नाही. बोटॉक्स नाही आवडलं तर त्याचा परिणाम काही महिन्यांत उतरतो तरी.

गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर बोटॉक्स नकोच. बाकीच्यांनी क्लिनिकमध्ये ब्रँड आणि युनिट दोन्ही लिहून घ्या, डिस्पोर्ट हा अशाच औषधाचा दुसरा ब्रँड, पण त्याचं युनिट आणि बोटॉक्सचं युनिट सारखं नसतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून स्वस्त-महाग ठरवता येत नाही.